‘स्लेंग टेंग’: एका बटणातून निघालेला रिडिम आणि त्याचे अनेक धनी

जमैकाच्या संगीतावर कुठेही वाचा, ‘स्लेंग टेंग’ची, म्हणजे वेन स्मिथच्या १९८५च्या गाण्याची आणि त्याच्या ठेक्याची, गोष्ट बहुधा एकाच साच्यात येते. राजधानी किंग्स्टनमधली दोन पोरं, एक स्वस्त कॅसिओ कीबोर्ड, त्यातलं एक बटण, आणि त्या बटणाने रातोरात पालटलेलं अख्खं डान्सहॉल, म्हणजे रेगेतून निघालेलं तिथलं नाचाचं संगीत. गोष्ट खोटी नाही, पण अशी सांगितली की सगळं श्रेय बटणाच्या पदरात पडतं. तो कॅसिओ १९८१ पासून देशोदेशी विकला जात होता. तेच बटण कितीतरी घरांत कितीतरी पोरांनी दाबलं असणार, आणि कुठे काही घडलं नाही. मग किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतच का घडलं? हा एक प्रश्न. दुसरा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो: एकाच रिडिमवर शेकडो गाणी झाली, तेव्हा तो रिडिम नेमका कोणाचा राहिला?

आधी रिडिम म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्याकडे एकाच चालीवर दहा अभंग बसतात, सिनेमाच्या चालींवर आरत्या होतात. चाल तीच, शब्द नवे. जमैकात गणित उलटं आहे. बास आणि ड्रमचा सांगाडा तोच राहतो, आणि प्रत्येक गायक त्यावर स्वतःची चाल आणि स्वतःचे शब्द घेऊन येतो. या सांगाड्याला रिडिम म्हणतात आणि त्याला स्वतःचं नाव असतं. शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ आणि वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ ही दोन्ही गाणी ज्यांनी २००३च्या सुमारास ऐकली, त्यांनी एकच रिडिम ऐकला आहे. टाळ्यांचा तो धावता ठेका दोन्हीकडे तोच. तो स्टीव्हन ‘लेन्की’ मार्सडेनने केला आणि त्याचं नाव, योगायोगाने, ‘दिवाली’.

या पद्धतीची मुळं १९६० च्या दशकाच्या शेवटी सापडतात. ट्रेझर आइल स्टुडिओत पॅरागॉन्स या गटाच्या ‘ऑन द बीच’ची एक तबकडी गायकांच्या आवाजाविनाच कापली गेली. रडी रेडवुड हा साउंड सिस्टिमवाला, म्हणजे नाचाला मोठाल्या स्पीकरवर तबकड्या वाजवणारा, ती घेऊन नाचाच्या मैदानात गेला, आणि लोकांनी मोकळ्या जागेत स्वतःच गायला सुरुवात केली. तिथून तबकडीच्या मागच्या बाजूला नुसतं वाद्यसंगीत टाकायची रीत पडली. त्याला म्हणायचे ‘व्हर्जन’. १९७४ मध्ये रूपी एडवर्ड्सने एकाच रिडिमवरच्या गाण्यांची अख्खी एलपी काढली, ‘यामाहा स्कँक’. निर्मात्याच्या दृष्टीने यात धंद्याची सोय होती. वादकांना एकदाच पैसे द्यायचे, टेप कपाटात ठेवायची, आणि मग एकेका गायकाला बोलावून त्याच टेपवर नवं गाणं काढायचं. गायकालाही बहुधा एकरकमीच मिळत. टेप ज्याची, रिडिम त्याचा: हा कुठे लिहिलेला कायदा नव्हता, पण किंग्स्टनमध्ये व्यवहार याच समजावर चालत होता. पुढचं सगळं प्रकरण याच समजाभोवती फिरतं.

वॉटरहाउस, १९८४-८५

वॉटरहाउस ही पश्चिम किंग्स्टनची गरीब वस्ती. ऑसबोर्न रडॉक, म्हणजे किंग टबी, याचा स्टुडिओ तिथल्याच ड्रॉमिली अव्हेन्यूवर. मुळात रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा हा माणूस डब संगीताचा, म्हणजे तयार टेपमधले आवाज काढून-घालून तिला नवं रूप देण्याच्या कलेचा, आद्य कारागीर ठरला. लॉइड जेम्स, म्हणजे प्रिन्स जॅमी, त्याच्या हाताखाली तयार झाला. जॅमी काही वर्षं कॅनडात राहून १९७६ मध्ये परतला, टबीच्या मिक्सिंग डेस्कवर बसला, ब्लॅक उहुरू या रेगे गटाची पहिली एलपी त्याने काढली. पुढे सेंट लुशिया रोडवरच्या आपल्या घरात त्याने स्वतःचा छोटा स्टुडिओ थाटला. त्याची साउंड सिस्टिमही होती: स्पीकरचे मोठाले खोके, अँप्लिफायर, तबकड्या लावणारा सिलेक्टर आणि माइकवर बोलणारा डीजे. (जमैकात डीजे म्हणजे ठेक्यावर शब्द फेकणारा, तबकड्या लावणारा तो सिलेक्टर.)

वेन स्मिथ याच वस्तीतला. जन्म डिसेंबर १९६५ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा, पण जॅमीसाठी तो काही वर्षं आधीपासूनच गाणी म्हणत होता. त्याचा मित्र नोएल डेव्ही याच्याकडे कॅसिओचा एमटी-४० होता. डेव्हीला खरं तर यामाहाचा डीएक्स-७ हवा होता. तो त्याच्या ऐपतीच्या पार बाहेरचा, म्हणून हा छोटा कीबोर्ड. बारीक पट्ट्या, डाव्या हाताला बाससाठी वेगळी बटणं, आणि वर एक सरकपट्टी, जिच्यावर रॉक, वॉल्ट्झ, सांबा असे तयार ठेके. आपल्याकडेही ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत बरीच वर्षं कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला लोक कॅसिओच म्हणत आले. घराघरांत शिरलेलं यंत्र ते. सरकपट्टी ‘रॉक’वर ठेवून बासचं एक बटण दाबलं की ड्रमसकट एक उसळतं बास आवर्तन आपोआप सुरू व्हायचं. डेव्ही आणि स्मिथ यांना ते सापडलं.

आता इथे थांबायला हवं, कारण लोकप्रिय गोष्ट इथेच घाईने पुढे पळते. ते आवर्तन जसंच्या तसं रेगे नव्हतं. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ या नेहमीच्या ठेक्यात पहिली मात्रा जवळजवळ मोकळी सोडतात आणि ड्रमचा भार तिसऱ्या मात्रेवर पडतो, त्या मोकळ्या जागेत बास चालतो. कॅसिओचा ठेका सरळसोट रॉकचा होता आणि वेगवान होता. त्या वेगावर किंग्स्टनच्या नाचात कोणी सावकाश कंबर हलवू शकलं नसतं, की डीजेला शब्द बसवता आले नसते. दोघं ते घेऊन जॅमीकडे गेले. जॅमीने वेग उतरवला. त्याचा कीबोर्डवादक टोनी अॅशर याच्या मदतीने वर पियानोचे तोकडे आघात आले, टाळ्यांसारखा आवाज आला. वेग उतरवल्यावर तीच बास पावलं एकदम जड झाली, आणि जिथे रॉकची धाव होती तिथे हेलकावा आला.

माझ्या मते या प्रकरणातली निर्णायक कृती हीच. यंत्राने दिलेल्या वस्तूत कमीत कमी बदल करून ती नाचाच्या मैदानात चालेल अशी करणं, हे बरीच वर्षं टबीच्या परंपरेत घासलेल्या कानाचं काम होतं. डबमध्ये तयार टेपमधून काय काढायचं, काय ठेवायचं हीच कला; जॅमीने ती कारखान्यातून आलेल्या ठेक्यावर वापरली. दुसऱ्या कोणी कदाचित त्यावर गिटार, ऑर्गन, खरा ड्रम असं सगळं चढवून ते ‘नीट’ केलं असतं, आणि मग आज त्याचं नावही कोणाला आठवलं नसतं.

गाण्याचे शब्द स्मिथचे. ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे नाव बॅरिंग्टन लेव्हीच्या ‘अंडर मी सेन्सी’च्या वळणाने आलेलं. आशय साधा: गांजा चालेल, कोकेन नको, त्याने डोकं फिरतं. कोकेन त्या काळात किंग्स्टनच्या वस्त्यांत नव्याने शिरत होतं, त्यामुळे हा विषय ऐकणाऱ्यांना परका नव्हता. गांजा आणि चिलीम मात्र तिथे जुनी. १८४५ पासून करारावर नेलेल्या, मुख्यतः उत्तर हिंदुस्तानातल्या मजुरांबरोबर ती जमैकात पोचली.

वॉल्थम पार्क रोडवरची रात्र

२३ फेब्रुवारी १९८५ रोजी वॉल्थम पार्क रोडवर जॅमीच्या साउंडचा ब्लॅक स्कॉर्पिओ या दुसऱ्या साउंडशी सामना झाला. अशा सामन्याला साउंड क्लॅश म्हणतात. दोन साउंड सिस्टिम समोरासमोर, आळीपाळीने तबकड्या, आणि निकाल गर्दीच्या आरोळ्यांवर. दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे असणं ही त्यातली खरी ताकद, म्हणून प्रत्येक साउंड खास आपल्यापुरत्या कापून घेतलेल्या तबकड्या जपून ठेवायचा. त्यांना डबप्लेट म्हणतात. त्या रात्री जॅमीने ‘स्लेंग टेंग’ लावलं. समोरच्याकडे त्याला जोड नव्हती, कारण तसा आवाजच तोवर कोणाकडे नव्हता. गर्दीने ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं.

ड्रम मशीन जमैकात याआधीही आलं होतं आणि गाण्यांत वापरलंही गेलं होतं. त्यामुळे ‘पहिलं डिजिटल रेगे’ हा किताब देताना मी जरा हात आखडता घेईन. पण बासही यंत्राचा, ड्रमही यंत्राचा, आणि तरीही स्पीकर हादरवणारं असं काही मैदानात याआधी उतरलं नव्हतं. या रात्रीनंतर थोड्याच काळात प्रिन्स जॅमीला लोक किंग जॅमी म्हणू लागले. गुरू किंग टबी जिवंत असताना त्याच वस्तीतला शिष्य किंग झाला, हे त्या काळी कमी धाडसाचं नव्हतं.

एका टेपवर किती गळे

पुढे जॅमीने जे केलं ते जुन्या रीतीप्रमाणेच, फक्त वेग वेगळा. एकामागून एक गायक सेंट लुशिया रोडवर आले, आणि लवकरच ‘स्लेंग टेंग एक्स्ट्राव्हागान्झा’ नावाने ही गाणी एकत्रही निघाली.

जॉनी ऑसबोर्न यातला सर्वांत अनुभवी. १९४८ चा जन्म, स्टुडिओ वन या किंग्स्टनच्या जुन्या स्टुडिओच्या काळापासूनचा गायक, खऱ्या वादकांच्या साथीवर घडलेला. त्याचं ‘बडी बाय’ ऐकताना लक्षात येतं की यंत्राच्या ठेक्याने त्याला अजिबात दचकवलेलं नाही. तो लांब सूर न लावता एक लहानसा, गुणगुणण्याजोगा तुकडा धरतो आणि तोच फिरवत राहतो. ठेक्याखाली कॉर्डची फारशी हालचाल नाही, म्हणून चालीनेही फार फिरायला नको, हे त्याने ओळखलेलं दिसतं. जुन्या पिढीतल्या काही गायकांना नेमकं हेच जमलं नाही; सुरांचे जिने चढायची सवय असलेल्याला एकाच पायरीवर उभं राहणं अवघड जातं.

टेनर सॉ, खरं नाव क्लाइव्ह ब्राइट, हा वेगळाच प्राणी. शुगर मिनॉट या गायकाच्या ‘यूथ प्रमोशन’ या साउंडमधून पुढे आलेला पोरगा, चर्चमध्ये घुमावा तसा किंचित रडवेला, सुराच्या काठावरून चालणारा आवाज. ‘पम्पकिन बेली’त त्याने भोपळ्याच्या पोटात पाणी गेलं कसं, हा गावाकडचा कोड्यासारखा जुना सवाल घेतला आणि कोरड्या, टकटक वाजणाऱ्या कॅसिओवर टाकला. खेड्यातला शब्द आणि जपानी यंत्र यांची इतकी सहज गाठ मला दुसऱ्या कुठल्या गाण्यात सापडलेली नाही. मूळ गाण्यापेक्षाही मला हे मोठं वाटतं. अनेक जाणकार याला तयार होणार नाहीत. त्याच वर्षी विन्स्टन रायली या निर्मात्यासाठी, १९७० च्या दशकातल्या ‘स्टॅलग’ या जुन्या रिडिमवर, त्याने ‘रिंग द अलार्म’ म्हटलं. म्हणजे एकाच वर्षात एकाच गळ्यातून जुनी आणि नवी दोन्ही पद्धती शिखरावर. १९८८ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला तो वारला, तेव्हा विशीच्या आतबाहेरच होता.

जॉन वेनचं ‘कॉल द पोलीस’ हे डीजेचं काम: सूर कमी, बोल जास्त, ठेक्याला ठेच देत पुढे जाणं. या तिघांकडे एकत्र पाहिलं की रिडिमची एक बाजू स्पष्ट होते. ‘स्लेंग टेंग’मध्ये आवाजाच्या वरच्या पट्टीत जवळजवळ काहीच नव्हतं. फुंकवाद्यं नाहीत, गिटारची लडिवाळ कलाकुसर नाही. जागा रिकामी होती, म्हणून गाणाराही मावला आणि बोलणाराही. यावर पुढे चारशेहून अधिक गाणी झाली असं सांगितलं जातं. खूपशी दुसऱ्या निर्मात्यांनी तोच बास स्वतः वाजवून केलेली, कारण जॅमीच्या टेपची गरजच उरली नव्हती. कॅसिओ कोणीही विकत घेऊ शकत होतं.

ज्यांचं काम गेलं

तंत्राच्या कौतुकात ही बाजू मागे पडते. १९८० च्या सुरुवातीला किंग्स्टनचं बहुतेक डान्सहॉल रूट्स रॅडिक्ससारख्या वादकांच्या तुकड्या वाजवत होत्या. एका रिडिमसाठी ड्रमवाला, बासवाला, एकदोन गिटारवाले, कीबोर्डवाला, आणि एवढे सगळे मावतील असा स्टुडिओ लागायचा. ‘स्लेंग टेंग’नंतर एक-दोन माणसं, एक ड्रम मशीन आणि घरातली खोली पुरू लागली.

यामागे चलनाचाही हात होता. १९८३ पर्यंत एका अमेरिकी डॉलरला सुमारे १.७८ जमैकन डॉलर पडत. १९८५ पर्यंत तो भाव साडेपाचच्या घरात गेला. स्टुडिओची टेप, वाद्यं, सुटे भाग, सगळं बाहेरून येणारं. अशा वेळी खर्चाची एक अख्खी ओळ पुसून टाकणारी पद्धत हाती आली तर निर्माते तिच्याकडे न वळते तरच नवल. आवाज आवडला म्हणून मैदानाने ‘स्लेंग टेंग’ उचललं. स्टुडिओंनी मात्र ते पद्धत म्हणून उचललं ते हिशेबाने. हे दोन्ही एकाच वेळी घडलं नसतं तर ‘स्लेंग टेंग’ एका हंगामाचं कौतुक ठरलं असतं.

किंग टबीने १९८५ मध्येच अँथनी रेड रोज या गायकाकडून ‘टेम्पो’ म्हणवून घेतलं. तोही यंत्राचाच रिडिम, पण गडद, अधिक भीतिदायक. म्हणजे डबचा जनकच शिष्याच्या वाटेने गेला. फेब्रुवारी १९८९ मध्ये टबीची गोळ्या घालून हत्या झाली. जॅमीकडे स्टीली आणि क्लीव्ही, म्हणजे वायक्लिफ जॉन्सन आणि क्लीव्हलँड ब्राउन, ही जोडी रिडिम बांधू लागली, आणि अॅडमिरल बेलीसारख्या डीजेंनी त्यांच्यावर गाणी केली. ही जोडी वादकांतूनच आली होती. बँडमधले काही यंत्रावर बसले, पण सगळ्यांना तिथे खुर्ची नव्हती.

धनी कोण

आता तो दुसरा प्रश्न. ‘स्लेंग टेंग’च्या मुळाशी कोण कोण आहे ते मोजू. ठेका कॅसिओत होता. तो तिथे घातला होता ओकुदा हिरोको हिने. टोकियोच्या कुनिताची संगीत महाविद्यालयातून ती १९८० मध्ये कॅसिओत आली, आणि तिचा पदवीचा प्रबंध होता रेगेवर! एमटी-४० चे ठेके हे तिच्या पहिल्याच कामांपैकी. म्हणजे ‘रॉक’ नावाच्या त्या बटणामागे बॉब मार्लेच्या संगीतावर जीव असलेली एक बाई होती. ते बास आवर्तन रेगे गाणाऱ्यांच्या तोंडी इतकं सहज बसलं, त्यात निव्वळ योगायोग किती, हे ज्याने त्याने ठरवावं. एडी कॉक्रनच्या एका जुन्या रॉक गाण्यावरून ते घेतलं, अशी कथा वर्षानुवर्षं फिरली. ओकुदाने ती नाकारली. १९७० च्या दशकातल्या एका ब्रिटिश रॉक गाण्याची छाया तिच्या डोक्यात होती, एवढं तिने कबूल केलं. जमैकात काय झालं हे तिला एका जपानी संगीत मासिकातून कळलं, तेव्हा १९८६ साल उजाडलं होतं.

तिच्यानंतर डेव्ही आणि स्मिथ, ज्यांनी ते हेरलं. मग जॅमी आणि अॅशर, ज्यांनी ते रिडिम केलं. मग शब्द आणि चाल, स्मिथची. शेवटी ऑसबोर्न, टेनर सॉ आणि बाकीचे, ज्यांच्यामुळे ते एक गाणं न राहता रिडिम झालं. किंग्स्टनच्या रूढ समजाप्रमाणे यांतला धनी एकच: टेप ज्याची तो. कायद्याची परिस्थितीही अशीच होती. जमैकाचा स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा १९९३ मध्ये आला, आणि कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात देश १९९४ च्या सुरुवातीला सामील झाला. १९८५ मध्ये वसाहतकाळातला ब्रिटिश कायदाच कागदावर होता, आणि त्याच्या आधाराने एखादा रिडिम अडवून धरणं कोणाला परवडणारंही नव्हतं.

कॅसिओने काय केलं, हे इथे महत्त्वाचं. कंपनीने या ठेक्यासाठी कोणाकडे पैसे मागितले नाहीत. आपल्या वाद्यातून निघालेला आवाज वापरणाऱ्याचा, अशी तिची भूमिका राहिली. ही भूमिका वेगळी असती, १९८६ मध्येच वकिलांची पत्रं निघाली असती, तर पुढचं पुष्कळसं संगीत झालंच नसतं. १९९१ मध्ये लंडनच्या एसएल-२ या रेव्ह (रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मेळ्यांचं यांत्रिक संगीत) जोडगोळीने स्मिथचाच आवाज उचलून ‘वे इन माय ब्रेन’ केलं, आणि त्यातूनच पुढे आलेल्या वेगवान जंगल संगीतात तो बास घुमत राहिला. त्या मोकळिकीचं मला कौतुक आहे. पण मोकळीक सगळ्यांना सारखी लाभली नाही, हेही नोंदवायला हवं. कंपनीने कीबोर्ड विकले, निर्मात्याकडे टेप होती. ज्याने बटण हेरलं त्याच्या हातात विकण्याजोगं काहीच नव्हतं. वेन स्मिथ पुढे न्यूयॉर्कला गेला आणि १७ फेब्रुवारी २०१४ रोजी किंग्स्टनच्या सरकारी रुग्णालयात वारला, वयाच्या ४८ व्या वर्षी. मृत्युलेखांत त्याच्या एका गाण्यावरच सगळा भर होता.

हा प्रश्न आता किंग्स्टनच्या बाहेर, कोर्टात पोचला आहे. स्टीली आणि क्लीव्ही यांनी १९८९ मध्ये केलेल्या ‘फिश मार्केट’ या रिडिमवरून रेगेटोनचा, म्हणजे स्पॅनिश भाषेतल्या लॅटिन अमेरिकी नाचाच्या संगीताचा, ‘डेम्बो’ ठेका आला, असं म्हणत २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. प्रतिवादींत एल चॉम्बो, लुईस फोन्सी, डॅडी यांकी यांच्यासह शंभराहून अधिक कलाकार आणि कंपन्या आल्या. ठेक्यावर कोणाची मालकी असू शकते का, हाच वाद. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. ‘फिश मार्केट’च्या बाबतीत निदान ठेका बांधणारी दोन माणसं निश्चित आहेत. ‘स्लेंग टेंग’वर कोणी असा दावा आणला, तर पहिली साक्ष टोकियोच्या कॅसिओत ठेके बांधणाऱ्या बाईंची काढावी लागेल, आणि वेग कोणी उतरवला हे सांगायला सेंट लुशिया रोडवरच्या माणसाला बोलवावं लागेल.